ब्रेकचं पेडल खाली जातंय? नुसतं ऑइल टाकून घाट उतरू नका

पाटण | तालुका प्रतिनिधी

गाडी अंगणातून काढताना ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं, दोन-तीनदा पंप केल्यावर लागलं, आणि मालक म्हणाला, "चालतंय, बाजारातनं येताना बघू." ग्रामीण भागात हे रोज घडतं. त्यातून बॉनेट उघडून कमी झालेलं ब्रेक ऑइल भरलं, की गाडी दुरुस्त झाली असं अनेकांना वाटतं. पण ब्रेक ऑइल हे डिझेलसारखं जळून संपणारं तेल नाही. ते बंद नळीत फिरतं. ते कमी झालं असेल, तर एक तर ते कुठून तरी बाहेर पडतंय, किंवा पॅड झिजून पुढं सरकल्यामुळं त्यांच्या मागच्या जागेत गेलंय. तिसरं कारण जवळपास नसतंच. म्हणून पेडल खाली गेलं की पहिला प्रश्न "ऑइल किती टाकू?" हा नाही, तर "दाब कुठं जातोय?" हा आहे.

सातारा जिल्ह्यात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पाटणहून चिपळूणकडं उतरणारा कुंभार्ली घाट, वाई-पाचगणीचा पसरणी घाट, मेढ्याहून महाबळेश्वरकडं जाणारा केळघर घाट, साताऱ्याचा यवतेश्वर घाट, या रस्त्यांवर रोज जुन्या गाड्या माणसं भरून चालतात. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली बंद झालं, ओम्नीचं २०१९ साली. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात नवी ८०० सुद्धा आता दहा वर्षांहून जुनी आहे. वडापच्या जीप तर त्याहून जुन्या. अशा गाड्यांतल्या रबराचं आणि नळ्यांचं वय झालेलं असतं. सपाट रस्त्यावर निभावलेलं पेडल घाटात निभावेलच असं नाही.

पेडल दाबल्यावर नेमकं होतं काय?

पेडलच्या पुढं, बॉनेटखाली मास्टर सिलिंडर असतो. पेडल दाबलं की त्याच्यातला दट्ट्या पुढं सरकतो आणि ऑइलवर दाब येतो. तो दाब लोखंडी नळ्यांतून आणि चाकाजवळच्या रबरी होज पाइपमधून चारही चाकांना पोचतो. पुढच्या चाकांत डिस्क असेल तर पॅड डिस्कला चिमटा घेतात. मागच्या ड्रममध्ये छोटा व्हील सिलिंडर असतो, तो लायनर बाहेर ढकलतो आणि ते ड्रमला आतून घासतात.

हे सगळं चालतं ते एकाच गोष्टीवर, की पातळ पदार्थ दाबून आकसत नाही. जनावरांच्या इंजेक्शनची सिरिंज पाण्यानं पूर्ण भरा, तोंड बोटानं बंद करा आणि दट्ट्या दाबून बघा. हलत नाही. आता आत थोडी हवा ठेवून दाबा. दट्ट्या लगेच आत जातो. ब्रेकच्या नळीत हवा शिरली तर हेच होतं. पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याऐवजी हवा दाबण्यातच जातो.

दुसरं उदाहरण फवारणीच्या पंपाचं. वायसर झिजला की दांडा कितीही हलवा, प्रेशर बनत नाही. टाकीत औषध भरलेलं असतं, बाहेर कुठं गळतही नाही, तरी फवारा येत नाही. मास्टर सिलिंडरमधली रबरं झिजली की तेच होतं. ऑइल बाहेर सांडत नाही, आतल्या आत मागं सरकतं.

घरच्या घरी तीन तपासण्या

गाडी सपाट जागेवर लावा. चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. या तपासण्या उभ्या गाडीवरच करायच्या, रस्त्यावर नेऊन नाही.

पहिली : इंजिन बंद ठेवून पेडल आठ-दहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला जोर संपतो. आता पेडल दाबून पाऊण-एक मिनिट तसंच धरा. एकदा जोरात दाबून बघा, एकदा हलक्या पायानं. पेडल जागेवर थांबलं पाहिजे. हळूहळू खाली जात असेल तर दाब कुठून तरी निसटतोय.

दुसरी : पेडल एकदा दाबून सोडा आणि लगेच परत दाबा. दुसऱ्या वेळी ते आधीपेक्षा वर लागतं का, आणि लागतं तेव्हा कडक लागतं की स्पंजासारखं, हे पायाला नीट कळतं.

तिसरी : पेडल दाबून धरलेलं असतानाच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टर चांगला आहे. याला बरेच जण बिघाड समजतात, पण तो बिघाड नाही. जुन्या काही गाड्यांना बूस्टर नसतोच, त्यांना ही तपासणी लागू नाही.

पेडल काय सांगतंय?

१) पेडल एकदम फळीला टेकलं, काहीच अडलं नाही : ही सगळ्यात धोक्याची खूण. होज पाइप फुटला, लोखंडी नळी गंजून भोक पडलं किंवा व्हील सिलिंडरनं ऑइल सोडलं असणार. ऑइलची टाकी बघा, बहुतेक वेळा रिकामी किंवा तळाला असते. बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडरचे दोन भाग असतात, एक गेला तरी दुसरा थोडाफार ब्रेक देतो. पेडल खूप खाली जाऊन मग कुठं तरी धरतं. हा "ब्रेक लागतोय" असा दिलासा नाही, अर्धा ब्रेक गेलाय असा इशारा आहे. फार जुन्या जीपना एकच भाग असतो, तिथं एका चाकाची गळती चारही चाकांचा ब्रेक घालवते.

२) पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू खाली जातं, पण टाकीतलं ऑइल कमी होत नाही : मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेली. यात एक फसवी गोष्ट आहे. जोरात दाबलं तर रबर फुगून धरतं आणि ब्रेक चांगला वाटतो. हलक्या पायानं दाबलं की पेडल खाली जातं. सिग्नलला किंवा टोलनाक्याच्या रांगेत उभं असताना पेडल पायाखालून सरकतंय असं वाटलं, तर ते हेच.

३) पहिल्यांदा खाली, दुसऱ्यांदा वर आणि कडक : बहुतेक वेळा मागच्या ड्रममधले लायनर झिजलेत किंवा त्यांचं ॲडजस्टमेंट सैल झालंय. लायनर ड्रमपासून लांब असल्यामुळं पहिला दाब त्यांना जवळ आणण्यातच जातो. हॅन्डब्रेक नेहमीपेक्षा जास्त वर ओढावा लागत असेल तर संशय पक्का. यात नवीन मास्टर सिलिंडर टाकून काही उपयोग होत नाही. आधी ड्रम उघडून बघायला सांगा.

४) दुसऱ्यांदा वर येतं, पण स्पंजासारखं लागतं : नळीत हवा आहे. हवा आपोआप शिरत नाही. टाकी कधीतरी रिकामी झाली, कुठलं तरी काम करताना नळी उघडली, किंवा एखाद्या जागेतून ऑइल बाहेर येतंय. हवा काढली आणि आठवड्यात पेडल परत तसंच झालं, तर गळती शिल्लक आहे. जुना होज पाइप दाबाखाली फुगत असेल तरी पेडल असंच लागतं. एकानं पेडल दाबलं आणि दुसऱ्यानं होजवर हात ठेवला तर फुगवटा कळतो.

५) घाट उतरताना पेडल मऊ झालं, थंड झाल्यावर परत नीट : ऑइल उकळलं. याबद्दल पुढं सविस्तर.

६) पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही : इथं दाब गेलेला नाही. बूस्टर किंवा इंजिनकडून त्याला जाणारी हवेची नळी तपासा. किंवा लायनरला तेल लागलंय, लायनर जास्त तापलेत.

७) खडबडीत रस्त्यानं आल्यावर पहिला ब्रेक खाली लागतो, मग नीट : चाकाचं बेअरिंग सैल असेल तर चाक डगमगतं, डिस्क पॅडला मागं ढकलते आणि पुढच्या ब्रेकला पेडल लांब जातं. जॅकवर चाक उचलून वर-खाली हलवलं की लगेच कळतं.

गळती कुठं शोधायची?

ब्रेक ऑइल हाताला तेलकट लागतं, पण पाण्यानं धुऊन निघतं. इंजिन ऑइल तसं निघत नाही. ओळखायची ही सोपी खूण. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरून ठेवा, सकाळी डाग कुठं पडलाय त्यावरून चाक कळतं.

मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला, टायरवर आणि ड्रमच्या पत्र्याच्या खालच्या कडेला ओल दिसली तर व्हील सिलिंडर गेलाय. पुढच्या चाकाजवळचे होज पाइप स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा, चिरा त्याशिवाय दिसत नाहीत. लोखंडी नळ्या जिथं क्लिपनं चॅसीला बांधल्यात तिथं चिखल साचून आतून गंजतात. पावसाळ्यात शेताच्या वाटेनं आणि ओढ्यातून जाणाऱ्या गाड्यांची ही जागा चिखल खरवडून बघायलाच हवी.

सगळ्यात फसवी गळती मास्टर सिलिंडरच्या मागची. ऑइल मागच्या रबरातून निघून थेट बूस्टरच्या डब्यात जातं. खाली थेंब पडत नाही, चाकं कोरडी, तरी टाकी कमी होत राहते. मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथं जोडलाय तिथं खाली ओल किंवा रंग उडालेला दिसतो का बघा. बूस्टर नसलेल्या गाडीत हेच ऑइल पेडलच्या दांड्यावरून आत, पाय ठेवायच्या जागेत येतं.

चारही चाकं आणि नळ्या कोरड्या असतील आणि तरी पेडल खाली जात असेल, तर चांगला मेकॅनिक मास्टर सिलिंडरच्या नळ्या काढून तिथं बूच लावतो आणि पेडल दाबतो. कडक लागलं तर मास्टर सिलिंडर चांगला, दोष पुढं चाकांकडं. तरीही खाली गेलं तर दोष मास्टर सिलिंडरमध्येच. पंधरा-वीस मिनिटांचं हे काम नको असलेला खर्च वाचवतं. "सगळंच बदलू" म्हणणाऱ्याला हे आधी करायला सांगा.

टाकीत काय टाकायचं, काय नाही

डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. आपल्या गाडीला कोणतं, ते टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. सीलबंद छोटा डबा घ्या. वर्षभर उघडा पडलेला डबा वापरू नका, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं.

त्याचा परिणाम आकड्यांत बघा. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. ओलावा मुरल्यावर डॉट ३ साठी हीच मर्यादा १४० आणि डॉट ४ साठी १५५ अंश धरली जाते. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवला की चाकाजवळचं ऑइल तापतं. जुनं असेल तर त्यातलं पाणी उकळून वाफ होते. वाफ ही हवेसारखीच दाबली जाते. मग ऐन वळणावर पेडल खाली जातं आणि अर्ध्या तासानं मेकॅनिक बघतो तेव्हा सगळं ठीक असतं! म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं. चहासारखं काळपट दिसत असेल तर दोन वर्षांची वाट बघू नका.

इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल, रॉकेल यातलं काहीही ब्रेकच्या टाकीत टाकू नका, थोडं सुद्धा नाही. वाटेत अडचण झाली म्हणून ट्रॅक्टरचं ऑइल टाकलं, असं ऐकायला मिळतं. या तेलांनी ब्रेकची रबरं फुगतात आणि मऊ पडतात. मग मास्टर सिलिंडर, चारही चाकांची रबरं, होज, सगळंच बदलावं लागतं. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलतो.

हवा काढण्याची योग्य पद्धत

गळती दुरुस्त झाल्यावरच हवा काढायची. दोन माणसं लागतात. चाकाच्या निपलला बसेल असा रिंग पाना घ्या. निपलवर पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा.

एकानं पेडल सावकाश दाबून धरायचं. दुसऱ्यानं निपल पाव आटा सैल करायचा, ऑइल आणि बुडबुडे बाहेर आले की घट्ट करायचा. निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हे करायचं आणि दर पाच-सहा वेळांनी टाकी भरायची. मध्येच टाकी रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, म्हणजे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळायचा. निघालेलं ऑइल परत टाकीत ओतायचं नाही.

जुन्या गाडीत एक काळजी महत्त्वाची. पेडल पार फळीपर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. कारण रोजच्या वापरात दट्ट्या सिलिंडरच्या ठराविक भागातच फिरतो. पुढच्या न वापरलेल्या भागात गंज आणि गाळ बसलेला असतो. पेडल एकदम तळाला गेलं की रबर त्या गंजावर घासून फाटतं. "हवा काढली आणि ब्रेक होता तोही गेला" असं होतं ते यामुळं. सहा महिने शेडमध्ये उभी असलेली गाडी लग्नसराईला बाहेर काढताना हे आवर्जून लक्षात ठेवा.

व्हील सिलिंडर गळून लायनरला ऑइल लागलं असेल तर पेट्रोलनं धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवू नका. मुरलेलं ऑइल तापल्यावर पुन्हा बाहेर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. लायनर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. पुढच्या पॅडचा मसाला साधारण ३ मिलिमीटरवर आला की तेही जोडीनं बदला. ड्रममधली धूळ तोंडानं किंवा कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक आहे.

चालत्या गाडीत ब्रेक गेला तर

इंजिन बंद करू नका. बंद केलं की बूस्टर जातो आणि चावी काढली तर स्टिअरिंगही लॉक होऊ शकतं. पेडल भराभर पंप करा, थोडा दाब तयार होऊ शकतो. एक्सलेटर सोडा आणि एकेक गिअर खाली आणा. हॅन्डब्रेक बहुतेक गाड्यांत तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही. बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं घसरतात. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवा. घाटात दरीच्या बाजूला न जाता डोंगराच्या बाजूला, मातीत किंवा चढाच्या वाटेवर गाडी घ्या. गाडी घासली तर पत्रा दुरुस्त होतो.

ही वेळच येऊ नये म्हणून उताराला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय मोडा. तेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरणं तर त्याहून वाईट. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून ठेवण्याऐवजी थोडा वेळ दाबून वेग कमी करा, मग सोडा. ब्रेकला थंड व्हायला वेळ मिळतो.

निघण्याआधी पाच मिनिटं

• ब्रेक ऑइल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये आहे का?
• चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का?
• पेडल एका दाबात, रोजच्या उंचीवर, कडक लागतं का?
• एक मिनिट धरल्यावर जागेवर राहतं का?
• हॅन्डब्रेक उतारावर गाडी धरतो का?

यातलं एकही उत्तर चुकीचं आलं तर त्या दिवशी गाडीत माणसं बसवू नका. गॅरेज लांब असेल तर मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टोचन करून न्या. तीही दोरीनं नाही, कारण ब्रेक नसलेली गाडी पुढच्या गाडीवर आदळते. लोखंडी दांडा लावून किंवा दुसऱ्या गाडीवर चढवूनच न्या. बाजार पुढच्या आठवड्यालाही भरतो.